डाव्या कोपऱ्यातलं वजन

१

आर्वो साल्मीने तो भोंगा ऐकला, त्याला येत्या जूनमध्ये एकतीस वर्षं होतील. तोंडाने फुंकायचा पितळी भोंगा होता. आवाज काही भारदस्त नव्हता. गोठ्यात एकटं राहिलेलं वासरू मान वर करून ओरडतं, तसा. आधी एक लांब. मग थांबून दुसरा. असे चार. मग बराच वेळ काही नाही, नुसतं शेडच्या पत्र्यावरून टपटपणारं पाणी. मग पुन्हा तीन. आणि शेवटी एक, जो निम्म्यातच तुटला.

सकाळचे सात वाजले होते. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरावर इतकं दाट धुकं उतरलं होतं की धक्क्याचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. आर्वो दुरुस्तीच्या शेडबाहेर उपड्या बादलीवर बसून कॉफी पीत होता. भोंगा ऐकून तो गालातल्या गालात हसला आणि हातातला पेला त्याने धुक्याच्या दिशेने जरासा उंचावला. त्याला वाटलं, हिल्मा आपली चेष्टा करतेय.

हिल्मा रांता गावातल्या शाळेत शिकवायची. स्वतःच्या कमाईने बोट घेणारी त्या किनाऱ्यावरची ती पहिलीच बाई. बोट पाण्यात घालताच तिने आपणहून सुरक्षेची तपासणी करून घेतली होती. तपासणारा आर्वो. स्वयंसेवक म्हणून त्याचं ते पहिलंच वर्ष, आणि नव्या माणसाला असतो तसा त्याला नियमांचा सोस. "भोंगा रोज निघताना एकदा फुंकून बघायचा," त्याने तिला बजावलं. "ऐन वेळी वाजला नाही तर काय उपयोग?"

"फुंकीन की," हिल्मा म्हणाली. "तुझ्या कानात घर करील असा फुंकीन."

पुढचे नऊ दिवस ती बंदरातून बाहेर पडताना रोज एकदा फुंकत होती. आर्वो त्या आवाजाची वाट बघायला लागला होता. दहाव्या दिवशी तो आठ वेळा वाजला, तेव्हा त्याला वाटलं, आज स्वारी रंगात दिसतेय.

बोट तिसऱ्या दिवशी सापडली. कुठे फुटलेली नाही, उलटलेली नाही. त्याने लावलेलं स्टिकर जिथल्या तिथे. भोंगा नव्हता आणि हिल्मा नव्हती. सरोवराचं पाणी जूनमध्येही बर्फासारखं असतं. ती सापडलीच नाही. चर्चच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं तेव्हा कुणीतरी विचारलं, "त्या सकाळी कोणी काही ऐकलं होतं का?"

आर्वो मागच्या बाकावर बसून टोपीची कड दुमडत होता. तो काही बोलला नाही. त्यानंतरही कधी बोलला नाही.

२

मे महिन्यातला शनिवार. पाण्यावरचं बर्फ जाऊन तीन आठवडे झाले होते. उन्हात बसलं की बरं वाटत होतं आणि सावलीत बसलं की कोटाची बटणं लावावी लागत होती. बंदराच्या उतारावर घडीचं टेबल मांडून आर्वो आणि व्हर्ना बसले होते. टेबलावर तपासणीचे तक्ते, थर्मास आणि वेलदोडा घातलेला गोड पाव.

ही तपासणी फुकट असते. कुणावर सक्ती नाही. बोटीत काही कमी निघालं तर दंड नाही, कुणाचं नाव कुठे कळवायचं नाही. एवढं आणा आणि पुन्हा या, इतकंच सांगायचं. सगळं बरोबर निघालं तर बोटीच्या पुढच्या डाव्या अंगाला या वर्षीचं स्टिकर लावायचं. आर्वोला हे काम म्हणूनच आवडायचं. यात कुणाला दुखवावं लागत नाही.

व्हर्ना ही हिल्माची धाकटी बहीण. बहीण गेली तेव्हा ती दूर मिल्वॉकीच्या इस्पितळात परिचारिका होती. पुढे नवरा वारल्यावर गावी परतली आणि आल्या आल्या बोटी तपासणाऱ्या स्वयंसेवकांच्या या पथकात शिरली. आता पथकाची प्रमुख तीच. अडुसष्ट वर्षांची, ताठ, तोंडाने फटकळ.

"आर्वो, मागच्या साली तू बावीस बोटी तपासल्यास," पावाला लोणी लावत ती म्हणाली. "बाविसांतल्या एकीचाही भोंगा वाजवला नाहीस. लोक येऊन सांगतात मला."

आर्वोने बराच वेळ घेतला. तो नेहमीच घ्यायचा.

"बघतो की मी. बघून कळतं."

"बघून काय कळतं? भोंगा काय भिंतीवरचं चित्र आहे?"

तो हसला. ती हसली नाही.

"यंदा तक्ता मी भरणार. तू तपास, मी शेजारी उभी राहीन. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाचं काही चुकलं तर त्यात लाज नाही. पण भोंग्याचं मी कुणालाच सोडणार नाही." तिने सुरी पुसली. "ताईचा भोंगा वाजला असता तर कोणीतरी गेलंच असतं ना? आपलं गाव तसं नाही."

हे वाक्य ती दर मोसमात एकदा तरी म्हणायची. वीस वर्षं झाली. तेवढा वेळ आर्वो पावाकडे बघत राही. आजही तेच केलं.

३

साडेदहाच्या सुमाराला वेंडेल ट्रेगिअर आणि त्याची बायको कार्ला आले. बोट त्यांनी सकाळीच पाण्यात घालून तरत्या धक्क्याच्या अगदी टोकाला बांधली होती. वेंडेल चाळिशीचा, खाणीवाल्यांच्या घरातला, मोठ्याने बोलणारा. कार्ला मापून बोलणारी.

"हिच्या हट्टापायी आलोय," वेंडेल म्हणाला. "माझ्या मते बोट झकास आहे."

"याच्या मते आमची गाडीपण झकास होती," कार्ला म्हणाली. "दार दोरीने बांधून चालवत होता." मग ती आर्वोकडे वळली. "उद्या मुलींना घेऊन बेटावर जायचंय. एक नऊ वर्षांची, एक सहाची. मी याला सांगितलंय, आर्वोंचं स्टिकर लागलं तरच माझ्या पोरी त्या बोटीत पाय ठेवतील. नाही तर तू एकटा जा आणि मासे मोज."

"बघा, तुमच्या हातात माझा रविवार आहे," वेंडेल म्हणाला.

चौघं धक्क्याच्या टोकाला गेली. पांढरी बोट, निळा पट्टा, नवा रंग. वेंडेल आणि कार्ला आधीच बोटीत उतरले आणि पुढच्या बाजूला उभे राहिले. व्हर्ना तक्ता घेऊन धक्क्यावर थांबली. आर्वोने आत एक पाय टाकला आणि तो तसाच थांबला.

चाळीस वर्षं त्याने बोटी आणि धक्के दुरुस्त केले होते. डोळे मिटून बोटीत पाय टाकला तरी आत किती माणसं आहेत आणि कुठे, हे त्याचे तळपाय त्याला सांगायचे. यात काही जादू नाही. भरल्या घागरीला हात लावला की बायकांना पाणी कळतं, तसंच.

"मागे कोण बसलंय?" त्याने विचारलं.

"मागे?" वेंडेलने वळून पाहिलं. "कोणी नाही. का हो?"

मागचा बाक रिकामा होता. त्यावर ऊन पडलं होतं.

"डावीकडे कलतेय बोट," आर्वो म्हणाला. "मागच्या कोपऱ्यात."

"हां, ती खोड आहे तिची. बॅटरी उजवीकडे हलवून बघितली, तरी तेच. म्हणून ती वाळूची गोणी ठेवलीय उजव्या कोपऱ्यात. वीस-बावीस किलो असेल. तरीही ढिम्म."

"पुरुषासारखं वागतेय," कार्ला म्हणाली. "एकदा टेकलं की हलायचं नाव नाही."

व्हर्ना धक्क्यावरून हसली. आर्वोने दुसरा पाय आत घेतला. त्याच्या मनात आलं, तळात कुठेतरी पाणी साचलं असेल. लाकूड भिजून जड झालं असेल. कारणं हजार असतात.

४

नोंदणीचे आकडे ठीक होते. लाइफ जॅकेट्स चार, दोन मोठी, दोन लहान, चारही कोरी. कार्लाने लहान जॅकेटांवर मुलींची नावं रंगीत दोऱ्याने शिवली होती. आर्वोने एकेक पट्टा ओढून पाहिला, बकल लावून काढलं. त्या दोऱ्यावरून त्याचं बोट उगाच एकदा फिरलं.

"जॅकेट्स, बरोबर," व्हर्ना म्हणाली. "आगीचं?"

आग विझवायचा सिलिंडर उजव्या बाजूला, सुकाणूच्या चाकाखाली होता. आर्वो वाकला, सिलिंडर त्याने अडकवणीतून काढला, दाबाचा काटा हिरव्यात असल्याचं बघितलं आणि परत लावायला गेला. तेव्हा त्याला अडकवणीच्या मागचा लाकडी ठोकळा दिसला.

ठोकळ्यावर पांढरा रंग चढला होता, पण रंगाखालचा आकार लपत नव्हता. खालचा एक कोपरा उडालेला, आणि उडालेला भाग कानशीने घासून गोल केलेला. चार पितळी स्क्रू, चारहींच्या खाचा उभ्या, एका रेषेत. स्क्रू असे लावायची खोड त्या किनाऱ्यावर एकालाच होती, त्याला स्वतःला.

बसवताना ठोकळा त्याच्या हातून निसटून धक्क्यावर पडला होता आणि कोपरा उडाला होता. हिल्मा म्हणाली होती, "उंदराने कुरतडला म्हणून सांग." तो म्हणाला होता, दुसरा करून देतो. ती म्हणाली होती, राहू दे, हाच हवा.

"आर्वो?" व्हर्नाचा आवाज आला. "काटा कुठे आहे?"

"हिरव्यात."

"मग उठ की. तू उत्तर देईपर्यंत बोट कुजेल."

तो उठला. गुडघे कुरकुरले. "ही बोट कुठून आणलीत?" त्याने वेंडेलला विचारलं.

"विस्कॉन्सिनहून. एक म्हातारा वारला, त्याच्या मुलाने विकली. तीस वर्षं कोठारात ताडपत्रीखाली होती म्हणे. म्हाताऱ्याने हौसेने घेतली, एकदा पाण्यात घातली आणि त्याच दिवशी परत आणून झाकून ठेवली."

"का?"

"आळशी असेल."

आर्वोने मागे पाहिलं नाही. त्याने स्वतःला समजावलं की ठोकळा दुसऱ्या कुणीही करू शकतो. कोपरे कुणाच्याही हातून उडतात. व्हर्ना धक्क्यावर पेन चघळत उभी होती. ती कधी या बोटीत बसली नव्हती, हा रंगही वेगळा. तिला कळायचं काही कारण नव्हतं. त्याने मान खाली घालून तक्त्यातलं पुढचं कलम आठवायला सुरुवात केली.

५

"तळातलं पाणी बघायचंय," तो म्हणाला. "तुम्ही दोघं जरा वर जा."

कार्ला वर चढली. बोट उचलली गेली. वेंडेल चढला. बोट आणखी उचलली गेली. आता आत एकटा आर्वो, बरोबर मध्यभागी, पाय फाकवून. बोट सरळ व्हायला हवी होती. उजव्या कोपऱ्यात वाळूची गोणी होती, म्हणजे खरं तर तिने उजवीकडे झुकायला हवं होतं.

बोट डावीकडे कललेलीच होती.

त्याने फळी उचलून आत पाहिलं. तळ खडखडीत कोरडा. पंप नवा. लाकूड वाळलेलं, नखाने टकटक केलं की हाडासारखं वाजणारं. जड व्हावं असं तिथे काहीही नव्हतं. त्याने फळी परत बसवली. दिव्यांची बटणं दाबून बघितली. हिरवा, लाल, पांढरा. सगळे लागले.

"कांड्या?" व्हर्ना म्हणाली.

संकटात पेटवायच्या तीन लाल कांड्या डब्यात होत्या. तारखा बघायला त्याने त्या एकेक करून बाहेर काढल्या. पहिली बघितली, दुसरी बघितली. तिसरी हातातून सुटली.

कांडी फळ्यांवर पडली आणि उताराने मागच्या डाव्या कोपऱ्याकडे गडगडत निघाली. कड्, कड्, कड्, फळीच्या प्रत्येक सांध्यावर. ती बोटीच्या कडेला जाऊन आपटणार म्हणून आर्वो थांबला.

ती आपटली नाही. कडेपासून वीतभर अलीकडे, मोकळ्या फळीवर, ती थांबली. एखाद्याच्या बुटाला लागून थांबावी तशी, आवाज न करता.

आर्वो तिच्याकडे बघत राहिला. तिथे काही नव्हतं. ऊन होतं आणि बाकाच्या पायाची सावली होती. फळ्यांत खाच असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. खिळ्याचं डोकं वर आलं असेल. तो खाली बसला आणि हात लांबवून कांडीकडे सरकला. तिथली हवा गार होती. उन्हातली हवा आणि तिथली हवा यांच्यामध्ये पडदा असावा तशी. बोटं कांडीपासून चार अंगुळं दूर असतील नसतील, तेवढ्यात कांडी हलली. पुढची वीतभर वाट गडगडत जाऊन ती कडेला टेकली.

खोलीत कुणी झाडायला आलं की बसलेलं माणूस पाय जवळ घेतं. न सांगता, सवयीने. तसंच काहीसं झालं होतं.

आर्वोने कांडी उचलली. तारीख पुढच्या वर्षीची होती.

"बरोबर," तो म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला शेडच्या मागून आल्यासारखा वाटला.

६

"आता भोंगा," व्हर्ना म्हणाली.

चाकाजवळ काळं बटण होतं. आर्वो त्याच्याकडे बघत उभा राहिला. एकतीस वर्षांत एकाही बोटीचा भोंगा त्याने वाजवला नव्हता. बटण असलं की खूण करायची. पुंगी असली की खूण करायची.

"दाबतो मी," वेंडेल धक्क्यावरून ओणवा झाला आणि त्याने हात घालून बटण दाबलं.

विजेचा भोंगा, बेसूर आणि सणसणीत. बंदरातले सीगल उडाले. आर्वोने चाक दोन्ही हातांनी धरलं. पायाखाली बोट हलली. पुढेमागे नाही, फक्त मागच्या कोपऱ्यात. बसलेलं कुणीतरी दचकून ताठ व्हावं, तसं.

"वा!" व्हर्ना म्हणाली. "असा वाजला पाहिजे. खणखणीत."

तिने शेवटची खूण केली. तक्ता पूर्ण भरला होता. एकही रकाना रिकामा नाही, एकही फुली नाही. वेंडेलने टाळी वाजवली.

"काय म्हणत होतो? चल, आईला फोन करू. म्हणावं, पोरींचे डबे भर."

"आधी कॉफी," कार्ला म्हणाली. जाता जाता ती आर्वोकडे वळली. "थँक यू हं. तुम्ही इतकं सावकाश बघितलंत ना, त्यानेच मला धीर आला. धाकटीला मागचा कोपरा लागतो. पाण्यात हात सोडून बसते."

ती दोघं आमिषं विकणाऱ्या दुकानाकडे निघून गेली. व्हर्नाने पिशवीतून स्टिकर काढलं आणि त्याचा मागचा कागद नखाने सोडवायला लागली.

आर्वो धक्क्यावर चढला. "व्हर्ना, लावू नकोस."

"का?"

त्याने बोटीच्या मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"आर्वो, सगळं बरोबर आहे. तूच म्हणालास. काय कमी आहे ते सांग, मी लिहिते. कारण नसताना स्टिकर अडवलं तर उद्यापासून कुणी आपल्याकडे येईल का?"

"ह्या बोटीत कोणीतरी बसलंय."

व्हर्नाने नखाचं काम थांबवलं. तिचा चेहरा बदलला, मऊ झाला. तिने काही न विचारता त्याचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजली, इस्पितळात वर्षानुवर्षं माणसांची मोजली तशी.

"धावतेय," ती म्हणाली. "सकाळची गोळी घेतलीस का?"

"घेतली."

"काल झोपलास?"

"झोपलो."

"मग आता घरी जा. सॉना तापव, वाफ घे, दोन घास खा. राहिलेल्या बोटी मी बघते. मी रागावले नाहीये रे. उलट मलाच आधी कळायला हवं होतं."

आर्वोला वाटलं, जावं. किती सोपं होतं. म्हातारा झालाय, भास होतात त्याला, असं व्हर्ना लोकांना हळुवारपणे सांगेल. पुढच्या रविवारी ती पाव घेऊन येईल. काही बिघडणार नाही. आणि उद्या सकाळी सहा वर्षांची एक पोर, नाव शिवलेलं जॅकेट घालून, त्या गार कोपऱ्यात जाऊन बसेल. कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून.

व्हर्ना बोटीच्या पुढच्या अंगाला वाकली. स्टिकरचा अर्धा कागद निघाला होता.

"ही हिल्माची बोट आहे," आर्वो म्हणाला.

तिची पाठ तशीच वाकलेली राहिली.

"सिलिंडरमागचा ठोकळा मी केलेला आहे. कोपरा उडालाय त्याचा."

ती सावकाश सरळ झाली. "नक्की?"

"नक्की." त्याने टोपी काढली. दुकानाचं दार उघडून मिटल्याचं ऐकू आलं. "आणि तिचा भोंगा वाजला होता."

"कोण म्हणतं?"

"मी ऐकला."

व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली. स्टिकर तिच्या अंगठ्याला चिकटलं होतं.

"आठ वेळा वाजला. मी तिथे, शेडबाहेर बसलो होतो. रोज फुंकून बघ म्हणून मीच सांगितलं होतं तिला. मला वाटलं, ती माझी चेष्टा करतेय. मी गेलो नाही, व्हर्ना. कॉफी पीत बसलो. मग सगळ्यांनी विचारलं तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो."

वारा नव्हता. पाणी सपाट होतं. व्हर्नाच्या मागे दोर करकरला.

आर्वोने बोटीकडे पाहिलं. तिची डावी कड पाण्यातून वर येत होती. हळूहळू, जड माणूस खुर्चीतून उठावं तशी. ओली, काळी रेघ वीतभर उघडी पडली. मग वाळूच्या गोणीच्या वजनाने बोट उजवीकडे झुकली, झुकून थांबली, आणि दोर सैल पडले.

पायाखालचा धक्का थोडासा खचला.

७

व्हर्नाने ते पाहिलं की नाही, त्याला कधीच कळलं नाही. तिने तक्ता त्याच्या हातात दिला. पेनही दिलं. अंगठ्याला चिकटलेलं स्टिकर तिने काढलं नाही. मग ती वळली आणि किनाऱ्याकडे चालायला लागली.

तो धक्का तरता आहे. पिंपांवर बसवलेले लाकडी तुकडे, एकाला एक बिजागरीने जोडलेले. माणूस चाललं की एकेक तुकडा त्याच्याखाली दबतो आणि मागे उचलला जातो. आर्वोने ते सगळे तुकडे कधी ना कधी स्वतःच्या हातांनी बदलले होते. एकटं माणूस कडेकडेने चाललं तर तुकडा त्याच कडेला कलतो, पाणी त्या बाजूने फळ्यांवर येतं. म्हणून एकटं माणूस मधून चालतं.

व्हर्ना मधून चालत नव्हती. ती उजव्या कडेने चालली होती, पाठ ताठ, हात अंगाशी. डाव्या बाजूला तिने जागा सोडली होती, आपल्याबरोबर कुणी असलं की सोडतो तेवढी.

आणि धक्का कलत नव्हता. एकेक तुकडा सरळ खाली जात होता. दोन्ही कडा सारख्या, दोन्हीकडून सारखंच पाणी.

आर्वोने हाक मारायला तोंड उघडलं. हातातला तक्ता त्याने छातीशी धरला होता. कुणाचं नाव घेऊन हाक मारावी, ते त्याला कळेना. दोन्ही बाजूंच्या बोटी एकामागून एक हलत गेल्या, शेवटचा तुकडा खाली जाऊन वर आला, आणि व्हर्ना उतार चढून, टेबलावरून, पावावरून, शेडवरून पुढे, मागे वळून न बघता निघून गेली.